चातुर्मासात बुंदी आणि काजळला काय घालायचं?



माहेरच्या-सासरच्या मिळून तिघींनी गेल्या वर्षभरात मला फोनवर एकच प्रश्न विचारला. मुलांनी हट्टाने गिनी पिग घरात आणलेत, ते सारखे खाजवतात, केस गळतायत, आणि चातुर्मासात घरात पालेभाजी येत नाही, तर त्यांना घालायचं काय? तिघींना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी काही डॉक्टर नाही. माझ्या हातून काय चुकलं ते सांगते, त्यातच काय करायचं तेही येईल.

आम्ही वरंधला राहतो. महाडहून भोरकडे जाताना घाट लागायच्या आधीचं हे गाव. ह्यांची इथल्या शाळेत नोकरी. आमचं मूळ घर सांगलीकडचं, सासूबाई आमच्याबरोबरच असतात. गावात जैन घर आमचं एकच, त्यामुळे देवदर्शन बहुतेक देवघरातलंच. पण दिवसा जेवण, गाळलेलं पाणी, कंदमुळं नाहीत, हे सगळं सासूबाईंमुळे नीट चालतं. माझ्या एकटीच्या भरवशावर कितपत चाललं असतं, कोण जाणे.

गिनी पिग आम्ही विकत आणले नाहीत. जनावर पैसे देऊन आणायचं नाही, हे आमच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं. पुण्याचा माझा भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याच्याकडच्या दोन माद्या कुणी घेईना. आमच्या धाकटीने डोळ्यांत पाणी आणलं आणि फाल्गुनात त्या इथे आल्या. एक पिवळसर, ती बुंदी. दुसरी काळी, ती काजळ. सासूबाईंनी पिंजरा बघितला मात्र, आणि म्हणाल्या, "अगं, हा तर बंध झाला."

आपल्यापैकी स्वाध्याय करणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे प्राण्याला बांधून-कोंडून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढा भार घालणं आणि खाण्यापिण्याला अडवणं. मुक्या जीवांना पाळणाऱ्या गृहस्थाकडून काय काय होतं, ते किती बारीक पाहिलंय बघा. सासूबाईंच्या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोडून द्यावं म्हटलं, तर वरंधच्या मोकळ्या रानात गिनी पिग दोन दिवससुद्धा काढणार नाही. मुंगूस, मांजर, कुत्री, साप, आणि वरून आमचा पाऊस. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. थंड, कोरड्या हवेचा. तिकडे लोक त्याला खाण्यासाठीच पाळत आले, म्हणून तो माणसाळला. (हे मी सासूबाईंना बरेच दिवस सांगितलं नव्हतं.) हजारो वर्षं माणसाच्या हातचं खाऊन त्याला रानात राहणं जमत नाही.

मग बंध निदान मोठा तरी करावा म्हणून ह्यांनी पिंजऱ्याचा वरचा भाग काढून टाकला आणि माजघरात भिंतीलगत फळ्या लावून चार फूट लांब, दोन फूट रुंद असा वाडा केला. दोघींना एवढी जागा कमीत कमी लागते. जाळीचा तळ अजिबात नको. त्यांच्या तळव्यांना केस नसतात, जाळीवर आणि ओल्यावर राहून तिथे फोड येतात आणि ते चिघळतात.

आता खाण्याचं. आधी सोपं ते सांगते, कारण ह्यात आपल्या घरांचं फार अडत नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, मशरूम नाही. आपल्या ओट्यावर जे मुळातच येत नाही, त्यातलं बरंचसं ह्यांनाही चालत नाही. कांदा-लसणाने रक्त बिघडतं, हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा तर विषारीच. धाकटीला ह्याचा इतका आनंद झाला की तिने शाळेत सांगून टाकलं, आमचे गिनी पिग पण जैन आहेत. गाजर ते खातात, पण त्यात साखर बरीच असते, त्यामुळे कधीतरी तुकडाभरच द्यायचं असतं. ते आमच्याकडे येतच नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही.

अडलं ते दुसरीकडे. सासूबाईंच्या मनात दया फार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वाटीत दूध-पोळी कुस्करून वाड्यात ठेवली. गाईच्या वासराला, मांजराच्या पिल्लाला देतात तशी. गिनी पिगचं पोट घोड्यासारखं, गवत आंबवून पचवणारं. दूध, पोळी, भाकरी, भात, बिस्कीट, चिवडा, डाळी-कडधान्यं, ह्यातलं काहीही त्यांना द्यायचं नाही. बुंदीला दोन दिवस पातळ झालं. शेजारच्या काकू प्रेमाने मूठभर शेंगदाणे टाकायच्या, त्यांनाही हात जोडून थांबवावं लागलं. "पोरीच्या जातीला उपाशी ठेवतेस होय गं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा काय सांगावं कळेना.

ह्यांचं खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत. दिवसभर, रात्रभर, संपूच नये इतकं. एकूण खाण्याच्या पाच भागांतले चार भाग वाळलं गवतच असावं. शहरात परदेशी टिमोथी गवताची पाकिटं महाग मिळतात. आमच्याकडे पाऊस उघडला की बांधावरचं गवत कापून, वाळवून गुरांसाठी पेंढ्या बांधतात. त्यातल्या कोवळ्या, हिरवट वास असलेल्या पेंढ्या मी काकूंकडून घेते. भाताचा पेंढा मात्र गवताच्या जागी चालत नाही. तो कडक असतो, त्यात सत्त्व कमी, आणि त्याचं टोक डोळ्यात जातं. ताजी हरळी चालते, पण रोज थोडी थोडी वाढवत न्यायची. एकदम ओलं गवत भरपूर घातलं की पोट फुगतं. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज घातला तर त्यातल्या कॅल्शियममुळे लघवीत खडे होतात.

दात ह्यांचे आयुष्यभर वाढत राहतात, गवत चावून चावूनच ते झिजतात. आणि पोट रिकामं राहून चालत नाही. अर्धा दिवस जरी खाणं थांबलं तरी आतड्याची हालचाल मंदावते आणि तेवढ्याने जीव जाऊ शकतो. इथे आमच्याकडे एक मजेची आणि जरा भीतीचीही गोष्ट घडली. गिनी पिग आल्यावर महिनाभर रोज सकाळी गवताची जागा रिकामी दिसायची. मला वाटायचं, रात्री खाऊन संपवतात. एके दिवशी संध्याकाळी बघते, तर सासूबाई दिवेलागणीला घरातली सगळी भांडी झाकतात, तसंच वाड्यातलं गवतही उचलून ठेवतायत. सूर्यास्तानंतर अन्न उघडं ठेवायचं नाही, ही सत्तर वर्षांची सवय. मी म्हटलं, "आई, आपलं रात्रिभोजनत्यागाचं व्रत आपण घेतलंय. ह्यांनी कुठे घेतलंय?" त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे मी महिनाभर अन्नपाननिरोध करत होते." त्या रात्रीपासून झोपायच्या आधीचं शेवटचं गवत त्याच घालतात. उरलेली कापलेली भाजी मात्र संध्याकाळी उचलायचीच, ती नासते आणि त्यात जीव पडतात. आणि पाणी गाळलेलंच हवं हे त्यांचं म्हणणं मला पटलं. बाटली रोज घासायची, नळीच्या तोंडाशी बुळबुळीत थर साचतो.

आता मुख्य गोष्ट, क जीवनसत्त्व. कुत्रा, मांजर, गाय ते आपल्या शरीरातच तयार करतात. माणूस आणि गिनी पिग करू शकत नाहीत, ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख ह्या दोघांनी गिनी पिगना नुसतं धान्य खायला घातलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला. जहाजांवरचे खलाशी हिरड्यांतून रक्त येऊन ज्याने मरायचे तोच रोग. तो खाण्यातल्या कमतरतेने होतो हे समजायला ह्या जनावरांच्या हालांची मोठी मदत झाली. आज आपण मुलांना संत्रं सोलून देतो, त्यामागे त्यांचंही देणं आहे. हे वाचल्यापासून मला काजळकडे बघताना जरा वेगळं वाटतं.

मोठ्या गिनी पिगला रोज, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. शंभर ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत ते सुमारे 80 मिलिग्रॅम असतं, लाल ढोबळी मिरचीत त्याहून बरंच जास्त. म्हणजे किलोभर वजनाच्या जनावराला 25-30 ग्रॅमची फोड पुरते. एवढं सोपं होतं. आणि मला ते माहीत नव्हतं.

फाल्गुनापासून आषाढापर्यंत मी त्यांना रोज कोथिंबीर घालत होते, अधूनमधून थोडी मेथी. तब्येत छान होती, शिट्टीसारखा आवाज करून स्वयंपाकघराकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आषाढातल्या चतुर्दशीला चातुर्मास लागला आणि आमच्या घरातली पालेभाजी बंद झाली. पावसाळ्यात पानापानावर जीव असतात, म्हणून चार महिने आम्ही ती खात नाही, आणत नाही, चिरत नाही. मी विचार न करता त्यांचीही कोथिंबीर बंद केली. घरात यायचीच नाही, तर त्यांच्यासाठी तरी कशी येणार? त्याऐवजी काकडी घालत राहिले, म्हणजे नुसतं पाणीच. वरून दुकानातलं सशाचं तयार खाद्य. सशाला क जीवनसत्त्व लागत नाही, म्हणून त्याच्या खाद्यात ते घातलेलं नसतं, हे मला नंतर कळलं. (गिनी पिगच्या खाद्यातलंही पाकीट जुनं झालं की कमी होतं. तयारीची तारीख बघून घ्यावं, आणि तेही दिवसाला चमचाभरच.)

त्यातच जुलैचा पाऊस. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. 2021 च्या जुलैत महाड बुडालं आणि तळियेवर डोंगर आला, तेव्हापासून आम्ही सगळेच पाऊस वाढला की रात्री झोपत नाही. चार चार दिवस ऊन नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, पापडांना बुरशी येते. वाड्यात मी अंथरायला भाताचा पेंढा घालत होते. तो वरून कोरडा दिसायचा आणि खाली हात घातला की ओलसर, कुबट.

चातुर्मास लागून तीन आठवडे झाले असतील. बुंदी उड्या मारायची थांबली. मागचा पाय जरा ओढत चालायची. केस विस्कटलेले, राठ. मग खाजवायला लागली. आधी थोडं, मग इतकं की खाजवता खाजवता अंग आखडून एका कुशीवर पडायची. पाठीवर, खांद्यावर केस जाऊन खपल्या धरल्या. काकू म्हणाल्या, खरूज आहे, करंजाचं तेल लाव. गावात गुरांना, माणसांनाही लावतात. मी लावलं. ती दिवसभर अंग चाटत बसली, खाणं अजून कमी झालं, केस चिकट होऊन त्याला गवताचा भुसा चिकटला. धाकटीने आपल्या शाम्पूने तिला धुतलं आणि ती थंडीने थरथरायला लागली. असे दोन दिवस आम्ही वाया घालवले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर नऊशे ग्रॅमची पोर सातशे ऐंशीवर आलेली.

जवळच्या गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, मी गाई-म्हशी बघतो. ह्या जीवाला अंदाजाने सुई टोचणार नाही." त्यांच्या प्रामाणिकपणाचे मी आजही आभार मानते. त्यांनी एक गोष्ट बजावली ती तुम्हीही लक्षात ठेवा. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ह्या जातीची औषधं गिनी पिगला तोंडावाटे कधीही द्यायची नाहीत. त्यांच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि जनावर दगावतं. घरात मुलांच्या सर्दीचं उरलेलं औषध असतं, त्याला हात लावू नका.

पुण्यात ससे, गिनी पिग बघणाऱ्या एक डॉक्टर बाई आहेत, असं भाच्याने सांगितलं. वरंध घाट पावसात बंद. म्हणजे भोरमार्गे जाणं नाही. महाड, माणगाव, तिथून ताम्हिणी घाटाने पुणं. ह्यांनी शाळेतून रजा काढली. दोघींना एकाच टोपलीत घातलं, कारण एकीला घरी ठेवलं तर ती भिऊन खात नाही, आणि खाज दोघींनाही असणारच. वाटेत टोपलीत गवत आणि ढोबळी मिरचीचे तुकडे.

डॉक्टर बाईंनी पाठीवरची खपली हलकेच खरवडली आणि काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. नेहमी सापडतोच असं नाही, म्हणाल्या, पण आज सापडला. मला बोलावून दाखवलं. तो किडा डोळ्याला दिसत नाही, कातडीत बोगदे करून राहतो. सूक्ष्मदर्शकात गोल, आखूड पायांचा, आणि तो हलत होता. मैत्रिणींनो, मी पटकन मान बाजूला घेतली. त्याला मारायचं औषध द्यायला मी तीन तास प्रवास करून आले होते आणि तो जिवंत होता. मुंगी, ऊ, ढेकूण, गोचीड ह्यांना आपण तीन इंद्रियांचे जीव म्हणतो. हा त्यातलाच. आणि माझ्या मांडीवर पाच इंद्रियांची बुंदी.

डॉक्टर बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हे किडे बऱ्याचदा अंगावर थोडे असतातच, प्रकृती चांगली असेल तर ते माजत नाहीत. हिला क जीवनसत्त्व मिळालं नाही, ती अशक्त झाली आणि खाली ओल होती, म्हणून ते माजले. पाय ओढणं हेही त्याचंच. दुसरी, औषध आयव्हरमेक्टिन, वजनावर मोजून त्यांनी स्वतः दिलं आणि पुन्हा दोनदा द्यायचं सांगितलं, कारण अंड्यांवर ते चालत नाही, त्यातून निघालेल्यांसाठी परत द्यावं लागतं. कुत्र्याच्या गोचिडाची पावडर किंवा थेंब कधी नको, हेही बजावलं.

मी त्यांना विचारलं, औषध नाही दिलं तर? म्हणाल्या, खाजेने झटके येतात, खाणं बंद होतं, महिनाभरात मरेल. आणि ती मेली की तिच्या अंगावरचे किडेही मरतातच.

घरी फोन करून सासूबाईंना सांगायला मला धीर होत नव्हता. शेवटी ह्यांनी सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. आपल्याकडे गृहस्थाला हिंसेचे चार प्रकार शिकवतात : संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. मारायचं म्हणून मारणं ते संकल्पी, ते गृहस्थाने पूर्ण सोडायचं. बाकीच्या तीन पूर्ण सुटत नाहीत, त्या कमी करत न्यायच्या. मला वाटलं आता ह्यावर चर्चा होणार. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "औषध द्या. पण ते जीव आपल्या आळसाने मरतायत, बुंदीच्या दुखण्याने नव्हे. तिला चांगलं खायला घातलं असतं, कोरडं ठेवलं असतं, तर हे औषध आणायची वेळ आली नसती." रागाने नाही, अगदी शांतपणे. रात्री परत आलो तेव्हा त्या देवघरात आलोचना पाठ म्हणत बसल्या होत्या. मी ओल्या कपड्यांनीच मागे जाऊन बसले.

पुढचा महिना कामाचा गेला. पेंढा सगळा बाहेर. आता अंथरायला जुन्या सुती साड्यांच्या चार-पाच पदरी घड्या, खाली जाड टॉवेल. रोज बदलायच्या, गरम पाण्यात धुवायच्या. ऊन नाही म्हणून आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवून वर गरम इस्त्री फिरवायची. पावसाळ्यात ही इस्त्री मी कधीच चुकवत नाही, माझ्या साड्यांना नसली तरी चालेल. ओली भाजी धुतली की फडक्याने टिपूनच वाड्यात. दर रविवारी काट्यावर वजन, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. वजन हीच पहिली खूण, केस जायच्या कितीतरी आधी कळतं.

क जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर बाईंनी काही दिवस बिनसुईच्या पिचकारीने थेट तोंडात द्यायला सांगितले. पाण्याच्या बाटलीत घालू नका. ते पाण्यात टिकत नाही, आणि चव बदलली की त्या पाणीच कमी पितात. बुंदी आठवड्याभरात नीट चालायला लागली. केस यायला दीड-दोन महिने गेले, आधी मऊ लव आली, मग पिवळा रंग.

त्वचेबद्दल अजून थोडं. कानांच्या मागे दोन्हीकडे बिनकेसांचा छोटा डाग असतो, तो जन्मजात असतो, घाबरू नका. मी पहिल्यांदा घाबरले होते. नाकाभोवती, डोळ्याभोवती, कानांवर गोल चट्टे आणि कोंडा आला तर तो गजकर्ण असू शकतो. तो मुलांनाही लागतो, हात साबणाने धुवायचे आणि डॉक्टरांना दाखवेपर्यंत मुलांनी उचलून घ्यायचं नाही. मोठ्या वयाच्या मादीचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले, खाज नसेल, तर ते अंडाशयातल्या गाठींमुळे असू शकतं. म्हणजे केस गळणं दिसायला एकच, कारणं चार, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. आंघोळ शक्यतो घालूच नये. शेपटी असती त्या जागी वर एक तेलकट गाठ असते, तिथे घाण साचली तर कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायचं. नखं महिन्यातून एकदा कापायची, पण आतली लाल नस सांभाळून.

उन्हाळ्यात सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर त्यांना सोसत नाही. वैशाखात आम्ही वाड्याशेजारी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवतो, त्यावर त्या पोट टेकून पडतात. पर्युषणाचा प्रश्नही एकीने विचारला होता. दशलक्षणात आपण उपवास करतो, एकाशन करतो, त्या दहा दिवसांत घाईगडबडीत त्यांचं गवत विसरू नका. गेल्या वर्षी उत्तम क्षमेच्या दिवशी माझ्याकडून दुपारी बाटली भरायची राहिली होती, धाकटीने आठवण केली.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. चातुर्मासात पालेभाजी बंद असेल तर ढोबळी मिरची रोज द्या. महाडच्या बाजारात बाराही महिने मिळते. कापून, आत बघून, बिया काढून. पेरूची छोटी फोड आठवड्यातून एक-दोनदा चालते, त्यात क जीवनसत्त्व खूप. आमच्या सासूबाई बहुबीज म्हणून तो स्वतः टाळतात, पण ह्यांना कापून देतात. टोमॅटोचा तुकडा चालतो, त्याची हिरवी पानं आणि देठ नाही. पालक नको रोज, खड्यांचा धोका. कोबीने गॅस धरतो.

एवढं माझं पुरेसं होतं. ढोबळी मिरचीवर चार महिने निघतात. पण यंदा आषाढात चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी बाजाराची यादी लिहीत बसले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "कोथिंबिरीची एक जुडी आण." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "आई, चातुर्मास लागला ना?"

"आपल्याला लागला," म्हणाल्या.

आता रोज दुपारी सामायिक झाल्यावर त्या खिडकीपाशी उजेडात बसतात. पांढऱ्या फडक्यावर जुडी सोडतात. चष्मा लावून एकेक पान दोन्ही बाजूंनी उलटून बघतात. जीव दिसला की ते पान तसंच बाजूला, आणि शेवटी अशी सगळी पानं हातात घेऊन हळूच मागच्या अळवाखाली ठेवून येतात. अर्धी जुडी अशीच जाते. उरलेली तीनदा धुवून, टिपून, दोन वाट्यांत. ह्या चार महिन्यांत त्या स्वतः कोथिंबिरीचं एक पान तोंडात घालत नाहीत, आमटीतसुद्धा नाही. जुडीची दोरी सुटल्याचा आवाज आला की बुंदी फळीवर पुढचे पाय टेकून शिट्टी मारायला लागते, आणि सासूबाई मान वर न करता म्हणतात, "थांब गं, बघू दे नीट."